एका डीपीवर दोन-तीन बॉक्स : जोडणी कशी असते आणि हात कुठे लावायचा नाही

राजुरा : गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की शेतातल्या डीपीवर लोड वाढतो आणि फ्यूज उडायला लागतात. मग वायरमनची वाट न पाहता कोणीतरी स्वतःच बॉक्स उघडतो. जीव जातो तो इथेच.

डीपी म्हणजे रोहित्र. त्यात ११ हजार व्होल्टची लाइन येते आणि ४३३ व्होल्टची थ्री फेज निघते. तिथून केबल डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये येते. बॉक्स एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला रोहित्राकडून स्वतंत्र केबल आणि स्वतःचा फ्यूज किंवा एमसीसीबी लागतो. एका बॉक्समधून दुसऱ्यात तार ओढली, तर पहिल्याच्या केबलवर दोघांचाही लोड बसतो. फ्यूज त्या केबलला सोसेल तेवढाच हवा. जाड तार गुंडाळली की फ्यूज टिकतो, पण केबल जळते, नाहीतर रोहित्र.

बॉक्स वाढले म्हणून रोहित्राची ताकद वाढत नाही. ६३ केव्हीएचं रोहित्र प्रत्येक फेजला साधारण ८४ अँपिअर देतं, १०० केव्हीएचं १३३. पाच एचपीची मोटर सात-साडेसात अँपिअर घेते. म्हणजे ६३ च्या डीपीवर अशा अकरा मोटरी झाल्या की ते भरलंच. त्यात लाइन आल्याबरोबर ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. ऑटोस्विच काढलेलाच बरा.

न्यूट्रल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तो ढिला झाला किंवा तुटला, तर सिंगल फेजवरच्या घरात २३० ऐवजी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. टीव्ही, फ्रिज जातात. न्यूट्रलचं आणि रोहित्राच्या बॉडीचं अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यात असतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, तेव्हा त्या खड्ड्यांना पाणी लागतं. मात्र डीपीजवळची पट्टी किंवा तार तुटलेली दिसली तर जवळ जायचं नाही, कळवायचं.

नुसता एबी स्विच पाडला म्हणजे डीपी बंद झाली असं नाही. कधी तीनपैकी एखादं पातं चिकटूनच राहतं. कोणाच्या शेतातलं जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेलं असेल, तर करंट खालून उलटा रोहित्रात चढतो आणि वरच्या बाजूला पुन्हा हजारो व्होल्ट तयार होतात. म्हणून लाइनमन आधी परमिट घेतो, डीओ काढतो, तपासतो, तारा शॉर्ट करून अर्थ करतो, मगच हात लावतो.

जंगलालगतच्या शिवारात डुकरांसाठी कुंपणात करंट सोडतात, तो तर गुन्हाच आहे. त्यात माणसंही मरतात अन् वाघही.

मीटरपर्यंतचं काम महावितरणचं. मीटरपुढचं परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं. बॉक्सचं झाकण उघडं असेल, केबल सोललेली असेल, ठिणग्या उडत असतील, तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री नंबरवर कळवायचं. माणूस चिकटलाच तर त्याला हाताने ओढायचं नाही. लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही, ओल्या बांधावर तर मुळीच नाही.