संप्रेरकबाधक प्रदूषके : मासे व उभयचर यांवरील परिणाम

प्राण्यांच्या संप्रेरकांची (हॉर्मोनांची) नक्कल करणारी किंवा त्यांच्या कार्यात अडथळा आणणारी, पाण्यात मिसळलेली रासायनिक द्रव्ये (पहा : अंतःस्रावी ग्रंथी, जलप्रदूषण).

मानवी मलमूत्रातील इस्ट्रोजेन, गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्रॅडिऑल, धुलाईद्रव्यांपासून बनणारी नॉनिलफिनॉले व शेतांतून वाहून येणारी कीडनाशके ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत. सांडपाणी शुद्धीकरणात ती पूर्णपणे निघून जात नाहीत.

इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांमुळे नर माशाच्या यकृतात व्हिटेलोजेनिन हे एरवी मादीत आढळणारे, अंड्यातील पीतकासाठी लागणारे प्रथिन तयार होते; प्रदूषणाची खूण म्हणून त्याचेच मापन करतात. ब्रिटनमधील नद्यांत सांडपाण्याच्या निर्गमाच्या खालच्या प्रवाहात राहणाऱ्या रोच माशांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एका प्रायोगिक तळ्यात २००१–०३ या काळात लिटरमागे सु. ५-६ नॅनोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल राखण्यात आले. नर माशांचे जननांग बिघडले, मादीतील अंडनिर्मितीही बदलली आणि फॅटहेड मिनो या अल्पायुषी माशाची संख्या जवळजवळ नाहीशी झाली. त्यावर जगणारे लेक ट्राउटही घटले. एवढ्या अल्प मात्रेनेही अन्नजाळ्यात बदल घडू शकतात, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. मात्रा थांबविल्यावर काही वर्षांनी मिनोंची संख्या पूर्ववत झाली.

उभयचरांत बेडूकमाशाचे रूपांतरण अवटू संप्रेरकावर अवलंबून असते (पहा : रूपांतरण); परक्लोरेटामुळे ते लांबते. ॲट्राझीन या तणनाशकाच्या अब्जांशी ०·१ भाग मात्रेने आफ्रिकी नखरी बेडकांत उभयलिंगी जननग्रंथी निर्माण झाल्याचा अहवाल २००२ मध्ये आला. अन्य काही प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाही.