आजऱ्याचे जिनालय ते पन्हाळ्याचे आकाश

शके ११२७ मध्ये, म्हणजे इ.स. १२०५ साली, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या राज्यात, आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात सोमदेव नावाच्या जैन पंडिताने एक ग्रंथ लिहून पुरा केला. जैनेंद्र व्याकरणावरची ही वृत्ती ‘शब्दार्णवचंद्रिका’ या नावाने ओळखली जाते. ग्रंथाच्या शेवटी सोमदेवाने राजाचे नाव, गाव, देवालय आणि शक अशी सगळी नोंद करून ठेवली, म्हणूनच आज आठशे वर्षांनंतरही आपण त्याचा पत्ता सांगू शकतो. कोल्हापूरच्या मातीत पद्धतशीर विद्याभ्यास कधी रुजला, असे कुणी विचारले तर मी ही नोंद पुढे करतो. तालीम, गूळ आणि चपला यांची कोल्हापुरी परंपरा सर्वांना पाठ आहे. शोध घेणाऱ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे आणि तिची वंशावळ मांडण्यासारखी आहे.

त्या काळी अभ्यासाची जागा देवालय हीच असे, आणि देवालय बांधणाऱ्यांना आकाशाचा हिशेब ठेवावाच लागे. याचा पुरावा आपल्याला अंबाबाईच्या मंदिरात दरवर्षी दोनदा पाहता येतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असा त्यांचा क्रम सांगितला जातो. या तारखांत एक सुरेख गणित आहे. १० नोव्हेंबर हा दिवस २२ डिसेंबरच्या आधी ४२ दिवस येतो आणि १ फेब्रुवारी त्यानंतर ४१ दिवसांनी येतो. दक्षिणेकडे जाताना आणि तिकडून परतताना सूर्य या दोन वेळी जवळजवळ एकाच जागी असतो, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर. कोल्हापुरातून पाहता तेव्हा तो नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंश सरकून मावळतो. ज्याने कुणी हा मार्ग साधला, त्याने सूर्यास्ताच्या जागा वर्षानुवर्षे टिपल्या असणार. अलीकडच्या काळात किरणांच्या वाटेत येणारी बांधकामे, ढग आणि हवेतली धूळ यांमुळे किरणे अडली, की शहरात चर्चा होते, मोजमापे घेतली जातात. भाविक आणि अभ्यासक खांद्याला खांदा लावून उभे राहतात असे प्रसंग थोडे असतात, किरणोत्सव त्यांपैकी एक आहे.

देवळाच्या ओवरीतून विद्या शाळेच्या इमारतीत आली ती एकोणिसाव्या शतकात. न्यायमूर्ती रानड्यांचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण कोल्हापुरातले. गोपाळ कृष्ण गोखले १८८१ साली येथूनच मॅट्रिक झाले. १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले आणि विज्ञानाला या गावात पहिल्यांदा स्वतःचे टेबल मिळाले. त्या टेबलामागे उभे राहिलेले बाळाजी प्रभाकर मोडक हे आज जवळजवळ विसरले गेलेले नाव. १८४७ ते १९०६ एवढे त्यांचे आयुष्य. राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवता शिकवता त्यांनी पदार्थविज्ञान, रसायन आणि इतर शास्त्रांवर मराठीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली, तीही शास्त्रीय परिभाषा अजून घडायची असताना. याच हाताने त्यांनी कोल्हापूर आणि दक्षिणेकडील संस्थानांचा इतिहासही लिहिला. एकाच माणसाने प्रयोगशाळा आणि दप्तरखाना या दोन्ही ठिकाणी बैठक मारावी, हे आजच्या विभागवार विद्यापीठांत दुर्मीळ झाले आहे. माझ्या मते कोल्हापूरच्या आधुनिक संशोधनाचा मूळ पुरुष मोडकच.

मोडक शिकवत होते त्याच काळात गावात आगगाडी आली. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मीटरगेज फाटा १८९१ च्या एप्रिलमध्ये खुला झाला. गुळाला आणि प्रवाशांना तिने काय दिले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. तिने गावाच्या घड्याळाला काय केले, याकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. तोवर कोल्हापुरात बारा वाजत ते सूर्य डोक्यावर आला की. पण त्या काळी देशातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेवर धावत. मद्रास कोल्हापूरच्या पूर्वेला सहा रेखांश, आणि एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे स्टेशनातले घड्याळ गावाच्या सूर्यापेक्षा २४ मिनिटे पुढे. देवळात एक वेळ आणि फलाटावर दुसरी. गाडी पकडायची असेल तर शेतकऱ्यालाही दूरच्या एका खगोलशास्त्रीय दुर्बिणीने ठरवलेली वेळ पाळावी लागे. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तिचे रेखांश ८२.५ अंश पूर्व, आणि हे अंतर वाढून ३३ मिनिटांचे झाले. आजही कोल्हापुरात माध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, त्याचे कारण हेच. खगोलशास्त्र सामान्य माणसाच्या दारात पहिल्यांदा आले ते रेल्वेच्या वेळापत्रकातून, असे म्हणायला हरकत नाही.

या गाडीने आणखी एक गोष्ट केली. हुशार मुले तिच्यात बसून बाहेर गेली. हा रुळ १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे, तरीही वाट मोकळी झाली होती. ज्यांना जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी गावातच सोय केली. १९०१ मध्ये पहिले वसतिगृह निघाले, मग एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे उभी राहिली. गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते, ते फेटाळले गेले. बडोद्याने हे आधीच करून दाखवले होते, आणि १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानाने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. त्या काळचा रुपया लक्षात घेतला तर कायदा किती मनावर घेतला होता ते कळते.

बाहेर गेलेल्यांतले एक विष्णू वासुदेव नारळीकर. जन्म २६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. सापेक्षतावादाचा सिद्धांत तेव्हा कोवळा होता, एडिंग्टन तो शिकवत होते. १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख म्हणून रुजू झाले. त्यांच्याभोवती सापेक्षतावादाचे भारतातले पहिले मोठे गुरुकुल जमले. प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडेच अभ्यासाला आले, आणि प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचे वैद्यांनी १९४३ मध्ये मांडलेले उत्तर आज जगभर त्यांच्या नावाने शिकवले जाते.

विष्णुपंतांचे थोरले चिरंजीव जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. हुजूरबाजार हे त्यांचे आजोळ. मामा वसंत शंकर हुजूरबाजार हेही कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संख्याशास्त्रात काम केलेले आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारणारे. दुसरे मामा मोरेश्वर शिक्षणासाठी बनारसला बहिणीकडे राहिले. घराच्या भिंतीवर मुलांसाठी फळे होते. एके दिवशी मोरूमामांनी एका फळ्यावर गणिताचे एक अवघड कोडे लिहिले आणि ते जयंतासाठी आव्हान आहे असे वर लिहून टाकले. कोडे सुटेपर्यंत किंवा मुलगा हार मानेपर्यंत फळा पुसायचा नाही. उत्तर सापडले की नवे कोडे. शाळेच्या पुस्तकात नसलेली ही गणिते होती, आणि नारळीकरांनी पुढे आयुष्यभर या फळ्याची आठवण कृतज्ञतेने सांगितली. १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला तेव्हा ते पंचविशीत होते. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार विज्ञान आणि गणिताची जी पाठ्यपुस्तके देशभर गेली, त्यांच्या सल्लागार गटाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या एका लहानशा प्रयोगाचा मला येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने २००८ मध्ये त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. शंभर मुले अभ्यासात हुशार, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतली. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवून, मूल कोणत्या गटातले ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे परत केली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले, नाणे उडवून जे मिळाले असते त्याच्या आसपास. आकाश, शाळा आणि संख्याशास्त्र यांचा असा संगम दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या माणसाने शिक्षण हाच संशोधनाचा विषय केला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत ५ सप्टेंबर १९०७ रोजी जन्मलेला विठ्ठल हरी घोटगे हा मुलगा पुढे जे. पी. नाईक या नावाने ओळखला गेला. सोमदेवाच्या आजऱ्यापासून हे गाव फार दूर नाही. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, धारवाड भागात खेड्यांतले काम, मग कोल्हापूर संस्थानात प्रशासन, असा अनुभव घेत नाईक शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये आला आणि पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शेती, आरोग्य आणि शाळा यांचा एकत्र विचार खेड्यात राहूनच करायचा, ही त्यामागची कल्पना. १९६४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष झाले दौलतसिंह कोठारी, पांढऱ्या खुज्या ताऱ्यांच्या पोटातल्या द्रव्यावर संशोधन केलेले पदार्थवैज्ञानिक. सदस्य सचिव झाले नाईक. ताऱ्यांचा अभ्यासक आणि खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक यांनी मिळून १९६६ मध्ये जो अहवाल दिला, त्यातल्या दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधात आपल्या घरातली मुले अनेक दशके शिकत आली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत ही त्यांची शिफारस अजून अमलात यायची आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचेही नाईकच पहिले सदस्य सचिव. कोल्हापूरच्या शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आतापर्यंत आपण पाहिलेली बहुतेक माणसे कोल्हापुरात घडली आणि त्यांचे काम बनारस, केंब्रिज, पुणे, दिल्ली येथे झाले. हा ओघ थोडा तरी उलटा वळला तो १८ नोव्हेंबर १९६२ रोजी. त्या दिवशी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहाससंशोधक. सागरमाळाच्या उजाड टेकाडावर ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आल्या. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत सूर्याच्या रेडिओलहरींवर काम केलेले प्रा. आर. व्ही. भोसले येथे आले आणि अवकाशविज्ञानाची शाखा रुजली. पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मध्यम वारंवारतेचे रडार कोल्हापुरात बसले. जमिनीपासून सत्तर ते शंभर किलोमीटरवरचे वारे ते मोजते. तिथवर विमान जात नाही, आणि उपग्रहाला ती उंची फारच कमी पडते. म्हणून जमिनीवरून सोडलेल्या लहरीच तिथली खबर आणतात.

रडारच्या जोडीला सर्वाकाश कॅमेरा आहे. त्याचे भिंग क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सगळे आकाश एका गोल चित्रात घेते. स्वच्छ, चांदणे नसलेल्या रात्री तो ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश टिपतो. सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही इतका मंद असतो. सूर्यास्तानंतर काही वेळाने या चित्रात उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे उमटतात आणि पूर्वेकडे सरकू लागतात. आयनांबरात विद्युतभारित कण विरळ झालेल्या या पोकळ्या, त्यांना प्लाझ्मा बुडबुडे म्हणतात. चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे कोल्हापूरचे आकाश त्यांच्या अभ्यासाला सोयीचे आहे. उपग्रहाचा संदेश अशा पोकळीतून आला की थरथरतो, कधी तुटतो, आणि जमिनीवरच्या यंत्राला आपली जागा चुकीची कळते. विमानांना वाट दाखवणाऱ्या आपल्या ‘गगन’ प्रणालीला या चुकांचा हिशेब सतत ठेवावा लागतो. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ विद्यापीठापासून जवळच आहे. १८९१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेने कोल्हापूरच्या गाडीची वेळ ठरवली. आता कोल्हापूरच्या आकाशाच्या नोंदी वाहतुकीच्या अचूकतेचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती जातात. पन्हाळ्यावरही विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र आहे, आणि शहराच्या उजेडापासून दूर असलेला तो गड या कामाला योग्यच आहे.

या वाटेवरची जुनी कागदपत्रे मात्र विखुरलेली आहेत. मोडकांची विज्ञानाची पुस्तके, राजाराम कॉलेजची जुनी वार्षिके, संस्थानकाळातले शाळातपासणीचे अहवाल, मीटरगेजच्या काळातली वेळापत्रके यांतले काही कुणाच्या माळ्यावर, कपाटात किंवा आजोबांच्या पेटीत असेल, तर ते रद्दीत घालू नका. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाकडे त्याची चौकशी करा, देणे शक्य नसेल तर निदान पाने टिपून घेऊ द्या.