पट्टेवाल्याचा बिल्ला

सरकारी कचेरीतल्या शिपायाला आपण पट्टेवाला म्हणत आलो. अंगावरचा पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला ही त्याची ओळख. हिंदीतला 'चपरासी' शब्दही चपरास, म्हणजे या बिल्ल्यावरूनच आला. त्यावर खात्याचे किंवा जिल्ह्याचे नाव कोरलेले असे. मला मोल वाटते ते त्या नावाचे, कारण नावावरून काळ कळतो.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत माजी सैनिकांच्या संघटना निघाल्या. त्यांपैकी 'स्टालहेल्म' १९१८ साली स्थापन झाली आणि १९३५ साली विसर्जित झाली. तिच्या चिन्हाचे अस्सल बक्कल मिळाले, की संग्राहक ते या सतरा वर्षांतले धरतात.

हाच हिशेब आपल्या वाशिमला लावून पाहू. इंग्रजी अमलात वऱ्हाडात 'बासिम' हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत गेले. वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे 'बासिम डिस्ट्रिक्ट' अशी अक्षरे असलेला बिल्ला कुणाच्या माळ्यावर निघाला, तर तो शंभर वर्षांहून जुना समजावा.

पण माळ्यावरचे पितळ किलोच्या भावाने मोडीत जाते. भट्टीत धातू उरतो, नाव जाते. म्हणून मोडीत घालण्याआधी अक्षरे वाचा. चिंच लावून घासू नका, अक्षरे झिजतात. बिल्ला कुणाचा, कुठल्या गावचा, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. कलेक्टरांची नावे दप्तरात सापडतात. पट्टेवाल्याचे नाव बहुधा त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते.