खारेपणाचे दोन अर्थ आणि लोणार

‘खारा’ म्हणजे मिठाच्या चवीचा, असे आपण धरून चालतो. पण हे विशेषण मिठापासून आलेले नाही. ते संस्कृत ‘क्षार’वरून आले. सुश्रुतसंहितेतला क्षार म्हणजे पळस, आघाडा अशा वनस्पती जाळून त्यांच्या राखेपासून काढलेले दाहक द्रव्य. हा जुना अर्थ पापडखार, साजीखार, टाकणखार या नामांनी जपला. विशेषण मात्र मिठाकडे सरकले. इंग्रजीत ही दोन घराणी वेगळी राहिली. ‘सलाइन’ लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दावरून आला, तर ‘अल्कलाइन’ अरबीतल्या राखेच्या शब्दावरून. मराठीतल्या एकाच ‘खारा’मध्ये हे दोन्ही अर्थ कसे नांदतात, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला पाहायला मिळते.

‘लोणार’ या नावात ‘लवण’ आहे. शेवटचा ‘आर’ ‘कार’वरून आला असो की खाण या अर्थाच्या ‘आकर’वरून, मीठ नावातच आहे. इथल्या सरोवराची ख्याती मात्र सोड्याची, म्हणजे क्षाराची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना काच आणि साबण बनवायला लागणारा माल लोणारला मिळतो, असे नोंदवले. काच आणि साबण साध्या मिठाने होत नाहीत, त्यांना सोडा लागतो. तेव्हा नाव लवणाचे आणि व्यापार क्षाराचा, अशी इथली स्थिती होती.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की गावाचे नाव लवणासुरावरून पडले. त्याचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. पण त्या दैत्याचे नावही लवणच आहे. कथा पाण्याच्या चवीला उत्तर शोधते, ती चवीच्या आधीची नाही. दुसरा आक्षेप असा की दोन पदार्थांना एकच विशेषण लावणारी बोली ढोबळच म्हणायची. हा आरोप टिकत नाही. सरोवराच्या पाण्यात साधे मीठ आणि सोडा दोन्ही विरघळलेले आहेत, म्हणून ‘खारा’ दोन्ही अर्थांनी खराच आहे. आणि जिथे नेमकेपणा लागत होता तिथे तो व्यवहारात होता. इथल्या क्षारांना डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. त्यांतल्या ‘निमक डल्ला’ने तर मीठ आपल्या नावातच वेगळे सांगितले.

लोणारला नुसते ‘खाऱ्या पाण्याचे सरोवर’ म्हणून थांबणे म्हणूनच अपुरे आहे. सरोवराची माहिती देताना ही पाच नावेही सांगितली पाहिजेत, कारण इथल्या धंद्याचे रसायनज्ञान त्यांतच नोंदलेले आहे.