गोळ्याची चकती कशी झाली

डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी लेव्हेनहुक याने 1674 मध्ये स्वतः घासलेल्या भिंगाखाली माणसाचे रक्त पाहिले. नितळ द्रवात तरंगणारे असंख्य बारीक कण त्याला दिसले. बेडकाच्या रक्तातले कण यान स्वामरडॅमने 1658 मध्येच पाहिले होते, पण त्याची टिपणे छापली गेली ती मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. लेव्हेनहुकने माणसाच्या रक्तातल्या कणांना गोळे म्हटले आणि पुढची शंभर वर्षे ते गोळेच राहिले.

त्यांना चपटे ठरवले लंडनच्या विल्यम ह्यूसनने. रक्त इतके दाट, की पातळ केल्याशिवाय सुटा कण नजरेला येत नाही. आणि पातळ करायला हाताशी असे पाणी. ह्यूसनने पाण्याऐवजी रक्तातलाच निवळ द्रव, म्हणजे सीरम, वापरून पाहिला. कण चपटे दिसले! त्यात पाणी घातले, की ते फुगून गोल होत आणि मग विरून जात. 1773 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. मधला गडद ठिपका म्हणजे आतला घट्ट कण, हा त्याचा समज मात्र चुकला. तिथे नुसता खळगा होता. पुढच्याच वर्षी शवविच्छेदन करताना झालेली जखम चिघळून तो गेला, तेव्हा तो 34 वर्षांचा होता.

हा कण म्हणजे रक्तातली तांबडी पेशी. कणकेची गोळी चिमटीत दाबावी, तशी ती दोन्ही बाजूंनी खोलगट असते. व्यास 7 ते 8 मायक्रॉन. परिपक्व झाल्यावर तिच्यात केंद्रक उरत नाही. आत, पाणी सोडले तर, जवळजवळ सगळे हिमोग्लोबिन. फेलिक्स होप्पे-सायलरने 1864 मध्ये त्याला हे नाव दिले. एका पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतो. तेवढ्याच घनफळाच्या गोळ्यापेक्षा या चकतीचा पृष्ठभाग सुमारे 40 टक्के जास्त भरतो. आवरण असे सैल असल्यामुळेच ती आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून निसटते, तेही सुमारे 120 दिवस.

आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात आवरण कमी पडते आणि पेशी खरोखरच गोल होतात. त्या प्लीहेच्या फटींत अडकून लवकर नष्ट होतात. रुग्णाला रक्तक्षय होतो. निदानासाठी रक्त टप्प्याटप्प्याने अळणी होत जाणाऱ्या मिठाच्या पाण्यात घालतात. निरोगी पेशी 0.5 टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात. गोल पेशींना फुगायला जागाच नसल्याने त्या याहून खारट पाण्यातही फुटतात.