इतली घाई काब्र करी?

मे महिन्यात जळगावात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा ४४-४५ सहज गाठतो. अशाच एका दुपारी जळगावहून धुळ्याला मामांकडे पोचलो. मामेबहिणीची मुलगी यंदा कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघात आली आहे. तिने विचारलं, "पहिल्यापासून पुढे राहू, की कुणाच्या तरी मागे?"

मामा मिशीत हसले. माझी आयुष्यातली एकमेव क्रॉसकंट्री त्यांनी पाहिली आहे ना! लळिंगच्या पायथ्याशी, दहा किलोमीटर. दोन किलोमीटर मी सगळ्यांच्या पुढे, सहाव्याला बरगडीखाली कळ, आणि मग कडुनिंबाखाली बैठक. मामा तांब्या घेऊन आले नि एवढंच म्हणाले, "इतली घाई काब्र करी रे भाऊ?"

असो. भाचीला आधी पॅरिसची गोष्ट सांगितली. १२ जुलै १९२४, ऑलिंपिकची क्रॉसकंट्री, साडेदहा किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी तिथलं ऊनही आपल्या खानदेशासारखंच, पारा चाळिशीपार. ३८ जण सुटले, पोचले फक्त १५. कोणी वाटेत कोसळले, कोणी थांबले. फिनलंडचा पावो नुर्मी ३२ मिनिटं ५४.८ सेकंदांत पहिला, आणि दुसरा आलेला त्याचाच देशबंधू रिटोला सव्वा मिनिटाहून जास्त मागे. हा नुर्मी हातात स्टॉपवॉच घेऊन धावण्यासाठी प्रसिद्ध. शेजारी कोण धावतंय यापेक्षा आपली फेरी किती सेकंदांत झाली याकडे त्याचं लक्ष. त्यांच्या संघाचा तिसरा गडी लिमाटायनेन मात्र शेवटाजवळ भान हरपून थांबलाच होता. कसाबसा बारावा आला, म्हणून संघाचं सुवर्ण वाचलं. त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉसकंट्री गेली ती गेलीच.

"म्हणजे एकटीनेच धावायचं?" भाची म्हणाली.

इथे माझी पंचाईत झाली, कारण मला अविनाश साबळे आठवला. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर २०१५ मध्ये क्रॉसकंट्री धावू लागला, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. जून २०२२ मध्ये रबातला त्याने ८ मिनिटं १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलैत ओरेगॉनला जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत अशी रेंगाळली, की विजेत्याचीच वेळ ८:२५.१३! साबळे सहा आठवड्यांपूर्वी त्याहून जवळजवळ तेरा सेकंद वेगाने धावला होता, आणि इथे ८:३१.७५ मध्ये अकरावा. संथ घोळक्यात आपला वेग मुरवून ठेवला की शेवटच्या झटक्यात तो हाताशी येतोच असं नाही.

पण ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो तीन केनियन धावपटूंना चिकटून राहिला. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच्याच घरी जात होती. या वेळी रौप्य मांडव्याला आलं. वेळ ८:११.२०, सुवर्णापासून अवघे पाच शतांश सेकंद दूर. म्हणजे दुसऱ्यांच्या मागे धावूनच की!

"मग मी नक्की काय करू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिला लळिंगला नेलं. घड्याळ माझ्या खिशात. एक किलोमीटर धाव, म्हटलं, आणि किती वेळ लागला ते तूच सांग. तिचा अंदाज एकोणीस सेकंदांनी चुकला. दुसऱ्या खेपेला अकरा.

मामा गाडीला टेकून थर्मासमधला चहा पीत होते. तो कडुनिंब अजून आहे, एवढंच त्यांनी मला बोटाने दाखवलं.