गरीबखाना आणि पदपथ

१८९९ साली पाऊस चुकला आणि बुलढाणा जिल्ह्यासह सारे वऱ्हाड दुष्काळाने होरपळले. घर सोडून वाटेला लागलेल्या निराधारांचे करावयाचे काय? सरकारी दुष्काळसंहितेचे उत्तर ठरलेले होते. अंगात बळ असेल त्याने खडी फोडावी, नसेल त्याला गरीबखान्यात धाडावे. तेथे अन्न मिळे, पण मोकळीक जाई; म्हणून लोक ते दार टाळीत. धर्मशाळेचे दार उघडे असे खरे, पण तेथेही बहुधा आधी जात विचारली जाई.

कोंडून ठेवण्याची हीच रीत पुढे कायद्यात उतरली. विदर्भ मुंबई राज्यात असताना झालेल्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी भटकणारा, दानावर जगत असावा असे वाटणारा मनुष्यही भिकारी ठरविला. पहिल्याच दोषसिद्धीस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृह!

१९८१ साली मुंबईत पदपथावरील झोपड्या हटविण्याचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे मान्य झाले. तथापि पदपथ चालणाऱ्यांचा, हेही ठरले. ज्याच्याजवळ १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र, त्याला पर्यायी जागा द्यावयाची होती. झोपड्या हटविण्यास पावसाळा सरल्यानंतर एक महिन्यापर्यंतची मुदत मिळाली.